दमनकाचं पुढे काय झालं?

मराठीच्या तासाला मी पंचतंत्र शिकवतो आणि उर्दूच्या तासाला कलीला-दिमनाच्या गोष्टी सांगतो. मुलांना ही दोन वेगळी पुस्तकं वाटतात, पण मूळ एकच आहे. सहाव्या शतकात नौशेरवान बादशहाच्या काळी बुर्झोय नावाच्या हकिमाने पंचतंत्र इराणात नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते पहलवीतून अरबीत आणलं. करटक-दमनक हे कोल्हे तिथे कलीला-दिमना झाले. प्राण्यांच्या रंगीत चित्रांनी वाचकाचं मन रमावं, हेही त्याने प्रस्तावनेत नोंदवलं. पुढे याच कथांच्या 'अन्वार-ए-सुहैली' या फारसी अवताराची सचित्र प्रत १५७० मध्ये अकबराच्या काळात तयार झाली.

या गोष्टी हसवता हसवता अंगावर काटा आणतात. पाचर उपटणारं माकड जिवानिशी जातं, बडबडं कासव आकाशातून पडून मरतं. अशीच गंमत १८४५ मध्ये जर्मनीत डॉ. हाइनरिश हॉफमन यांच्या चित्रपुस्तकाने केली. काड्यापेटीशी खेळणारी मुलगी त्यात जळून राख होते. पण तिथे मूल आपल्याच खोडीची शिक्षा भोगतं. पंचतंत्रातला संजीवक बैल मात्र निर्दोष असतो. दमनक सिंहाचे आणि त्याचे कान भरतो, मैत्री तुटते आणि बैल मारला जातो.

जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. त्यामुळे सिंहाने बैल मारला याचं आमच्या मुलांना नवल वाटत नाही. ती विचारतात, "सर, त्या कोल्ह्याचं काय झालं?"

संस्कृतात दमनक राजाचा मंत्री होऊन सुखाने राहतो. अरबीत मात्र एक जादा प्रकरण आहे, ते इब्न अल-मुकफ्फानेच घातलं असं अभ्यासक मानतात. त्यात दिमनावर खटला चालतो, साक्षीपुरावे होतात आणि त्याला मृत्युदंड मिळतो. लिहिणाऱ्याच्या नशिबी मात्र असा न्याय नव्हता. सत्तेच्या रोषाने त्याचा क्रूरपणे जीव घेतला.

हल्ली मुलांच्या आवृत्त्यांतून असे शेवट गाळले जातात. मी दोन्ही सांगतो. शेजाऱ्याशेजाऱ्यांत विष कालवणारे मोठ्या पदावर बसू शकतात, हे पहिल्या शेवटातून कळतं. त्यांना जाब विचारता येतो, हे दुसऱ्यातून.