तीन माणसं आणि आठ चाकांची गाडी

अवकाशात माणसं ठेवायची की यंत्रांवरच भागवायचं, हा वाद अजून मिटलेला नाही. मला तो १९७१च्या सोव्हिएत रशियात सगळ्यांत स्पष्ट दिसतो, कारण तेव्हा त्या देशाचे दोन्ही प्रयोग एकाच वेळी चालू होते.

चंद्रावर लुनोखोद-१ ही आठ चाकांची गाडी फिरत होती. १७ नोव्हेंबर १९७०ला ती उतरली. चालवणारे पृथ्वीवर बसलेले. दिवसा झाकण उघडून ऊन घ्यायचं, चंद्रावरची चौदा दिवसांची रात्र आली की झाकण मिटून गप्प राहायचं, असा तिचा क्रम. त्याआधी सप्टेंबरात लुना-१६ यानानं माणूस न पाठवता तिथली १०१ ग्रॅम माती आणली होती. (आपण वेलदोडे आणतो तेवढी!)

१९ एप्रिल १९७१ला साल्युत-१ हे जगातलं पहिलं अवकाश स्थानक वर गेलं. जूनमध्ये दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव तिथे राहायला गेले. खरं तर ते राखीव चमूतले. मूळ चमूतल्या एकाच्या छातीच्या एक्स-रेत डाग दिसला म्हणून यांची पाळी आली. त्यांनी छोट्या पेटीत रोपं वाढवली. १९ जूनला पात्सायेवचा अडतिसावा वाढदिवसही वरच झाला. ३० जूनला परतताना यानाचे भाग सुटे झाले आणि हवेची एक झडप उघडली. तिघं मावावेत म्हणून दाबाचे पोशाख दिलेच नव्हते. यान व्यवस्थित जमिनीवर उतरलं. दार उघडलं तेव्हा तिघेही गेलेले होते.

लुनोखोद त्या दिवशी चंद्रावर होतीच. सप्टेंबरात तीही बंद पडली, दहा किलोमीटरांवर चालून. तिचं सुतक कुणाच्या घरी आलं नाही. जीव-अजीव हा भेद आपण पाठशाळेत शिकतो. खर्चाच्या हिशेबात तो कुणी मांडत नाही.

स्थानकातून कळलं ते मुख्यतः माणसाचं शरीर वजनाविना कसं वागतं हे. पण ते माणूस पाठवायचाच असेल तर लागणारं ज्ञान. चंद्राची माती आणायला ते लागलं नाही. म्हणून माझं मत गाडीच्या बाजूचं. माणूस गेल्याशिवाय लोक हरखत नाहीत, असं म्हणतात. राकेश शर्मा १९८४मध्ये साल्युत-७वर गेले तेव्हा देश हरखला होता, खरंय. पण २०२३मध्ये चांद्रयान-३ उतरलं तेव्हाही आपण टीव्हीपुढून हललो नाही, आणि तेव्हा कुणाचा जीव टांगणीला नव्हता.

त्या अपघातानंतर सोयुझ यानात दोघांनाच बसवू लागले, तेही पोशाख घालून. तिसरी जागा परत आली १९८०मध्ये. साल्युत-१ तर ऑक्टोबर १९७१मध्येच जळून गेलं. लुनोखोदवर मात्र फ्रान्समध्ये बनवलेला एक परावर्तक होता. २०१०मध्ये पृथ्वीवरून लेसर सोडला, तेव्हा त्यानं तो उजेड परत पाठवला.