इलेक्ट्रिकल ठेकेदारी : हुनर आहे, पण कागद कुठे आहे?

आपल्या समाजातली कितीतरी मुले दहावीनंतर आयटीआयला तारतंत्री किंवा वीजतंत्री ट्रेडला जातात. दोन वर्षांचा कोर्स करतात, उस्तादांच्या हाताखाली काम शिकतात. हात चांगला बसतो. तरीही वीस वर्षांनी त्यातले बरेच जण 'मिस्त्री'च राहतात, ठेकेदार होत नाहीत. असे का होते? आम्हाला वाटते, कमी हुनराची नाही, कागदाची आहे.

लायसन्स कोणाचे?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांनुसार वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचे असते. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक लागतो आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडेही परवाना लागतो. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामांना सूट आहे. महाराष्ट्रात हे परवाने राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेमार्फत मिळतात. ठेकेदाराकडे मेगर, अर्थ टेस्टर यांसारखी तपासणीची साधनेही असावी लागतात.

प्रत्यक्षात काय चालते, सगळ्यांना माहीत आहे. काम आपला मुलगा करतो आणि टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याच लायसन्सवाल्याची घेतो. सहीचे पैसे जातातच, पण नावही त्याचेच होते. उद्या शॉर्ट सर्किट होऊन आग लागली, तर सही करणारा म्हणेल मी काम केले नाही आणि काम करणाऱ्याकडे दाखवायला परवाना नसेल. म्हणून आधी स्वतःचा परवाना, मग मोठे काम.

भाव देताना

तांब्याचा भाव जागतिक बाजारावर ठरतो, त्यामुळे वायरचा भाव वर्षभर हलत राहतो. समजा, मटेरियलसकट 5 लाखांचे काम घेतले आणि त्यात 50 हजार सुटतील असा हिशेब धरला. त्यातली वायर 2 लाखांची असेल आणि काम लांबल्यामुळे ती 15 टक्क्यांनी महागली, तर 30 हजार तिथेच गेले. हातात उरले 20 हजार. म्हणून कोटेशनवर तारीख, वायरचा ब्रँड, जाडी आणि 'हा भाव इतकेच दिवस' हे लिहायलाच हवे. भाव जमत नाही म्हणून 2.5 च्या जागी 1.5 ची वायर ओढणे किंवा अर्थिंग वगळणे ही बेइमानी तर आहेच, शिवाय कोणाच्या तरी जिवाशी खेळ आहे.

कराचा हिशेब

सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. इथे नफा नाही, उलाढाल मोजतात, आणि मटेरियलसकट काम असेल तर मटेरियलची रक्कमही तिच्यात धरतात. वरच्यासारखी चार कामे झाली की 20 लाख भरले, कमाई मात्र 2 लाखांचीसुद्धा नसेल! अशा कामांवर साधारण 18 टक्के कर आहे. तो कोटेशनमध्ये धरला नाही, तर खिशातून भरावा लागतो. कंपनीचे काम असेल तर एकट्या ठेकेदाराच्या बिलातून 1 टक्का टीडीएस कापतात. देय करापेक्षा जास्त कापले गेले असेल, तर रिटर्न भरल्यावरच ते परत मिळते.

अडकलेले पैसे

सगळ्यात मोठे दुखणे वसुलीचे. स्लॅबमध्ये पाईप टाकले, झिरी मारली, वायर ओढली, स्विच बसवले आणि शेवटचा हप्ता अडकला. मालक म्हणतो, 'भाई, आपण घरचेच, देतो ना!' इकडे दुकानदाराची उधारी आणि पोरांची मजुरी थांबत नाही. व्याज नको म्हणून बँकेपासून लांब राहणारे आपले भाऊ दुकानात उधारीचा चढा भाव मोजतात, हेही लक्षात घ्यावे. उपाय सोपा आहे. प्रत्येक टप्प्याचे पैसे त्या त्या टप्प्यावर घ्यायचे, वाढीव पॉइंट लगेच लिहून सही घ्यायची आणि स्विच बसवण्याआधी मोठा हिस्सा हातात आलेला असावा. उद्यम नोंदणी मोफत आहे, तीही करून ठेवावी.

हाताखालची पोरं

काम करताना कोणाला शॉक लागला, कोणी शिडीवरून पडला, तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर येते. त्यामुळे विमा काढावा. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या 18 ते 60 वयाच्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होऊ शकते. ती करून द्यावी.

लिहून घ्यायला आपल्या लोकांना संकोच वाटतो, भरवसा नाही असे समोरच्याला वाटेल म्हणून. पण कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार घेण्याबद्दलच आहे. तेव्हा कागद मागण्यात शरम कसली? पुढच्या कामाचे कोटेशन तोंडी देऊ नका. एक साधी वही घ्या आणि आजपासून लिहायला लागा.