शेजारी देशांतील स्थलांतरितांविषयीचे लोकमत (मुंबई उपनगरे)

मुंबईच्या उपनगरांत शेजारी देशांतून आलेल्यांकडे पाहण्याची दृष्टी एकसारखी नाही. कायद्याइतकीच ती भाषा, धर्म आणि गरज यांवर ठरते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी-पंजाबी निर्वासितांच्या वसाहतीतून मुलुंड कॉलनी उभी राहिली आणि आज त्यांना कोणी परके मानत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने परस्परांच्या नागरिकांना वास्तव्याची व व्यवसायाची मुभा दिली, त्यामुळे अंधेरी-बोरिवलीच्या सोसायटीत जिन्याखालच्या खोलीत राहणारा नेपाळी रखवालदार विश्वासू गणला जातो. मात्र नाव न विचारता त्याला सरसकट ‘बहादूर’ म्हणणे हा आपलेपणा नव्हे.

बांगलादेशींविषयीचा संशय याहून तीव्र आहे. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने हद्दपारीची, म्हणजे परकीयांना देशाबाहेर पाठविण्याची, मोहीम चालविली. जुलै १९९८ मध्ये मुंबईहून नेल्या जाणाऱ्यांना पश्चिम बंगालमधील उलुबेरिया येथे जमावाने गाडी अडवून सोडविले. खरा पेच पुराव्याचा आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने सिद्धिभार, म्हणजे आपण परकीय नसल्याचे दाखविण्याची जबाबदारी, संबंधित व्यक्तीवरच टाकली, २०२५ च्या नव्या कायद्यानेही ती कायम ठेवली, आणि आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा ठरत नाही. परिणामी जन्मदाखला नसलेल्या, पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबादच्या गवंड्यावर केवळ बोलीवरून संशय घेतला जातो, हे अन्यायकारक आहे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडून बांगलादेशात धाडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना, ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर, परत आणावे लागले.