एएस/४००: हिरव्या पडद्यामागचे यंत्र

आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० हा संगणक जाहीर केला. मिनेसोटातील रॉचेस्टर येथे घडलेल्या या यंत्रात आयबीएमच्याच आधीच्या सिस्टिम/३८ची रचना आणि सिस्टिम/३६च्या ग्राहकांची सोय एकत्र आली. डेटाबेस कार्यप्रणालीतच अंगभूत होता. प्रोग्राम बहुधा आरपीजी या भाषेत, ठरावीक स्तंभांत लिहीत. सहाव्या स्तंभातले अक्षर चुकले, की ओळीचा अर्थच बदले.

खरी करामत पोटात होती. प्रोग्राम प्रोसेसरशी थेट नव्हे, तर मधल्या एका काल्पनिक यंत्राशी बोलत. १९९५मध्ये ४८ बिटांचा प्रोसेसर जाऊन ६४ बिटांचा पॉवरपीसी आला, तेव्हा बहुतेक जुने प्रोग्राम मूळ संहितेला हात न लावता नव्या यंत्रावर चालले. त्याच वर्षी जावा या भाषेने एकदा लिहून कुठेही चालवण्याची ग्वाही दिली. युक्ती बरीचशी तीच; पण जावाचा प्रोग्राम कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर चाले, एएस/४००चा मात्र आयबीएमच्याच दारात. स्पर्धेत नडले ते हेच. ब्राउझरपुढे एएस/४००चा हिरव्या अक्षरांचा पडदाही जुनाट दिसू लागला, जरी नोंदी भराभर टाकणाऱ्या कारकुनाला तोच सोयीचा होता. पुढे आयबीएमने जावा, पीएचपी आणि पायथन यांनाही आत घेतले. २००८पासून ही प्रणाली ‘आयबीएम आय’ या नावाने चालते. २०१३मध्ये आरपीजीवरचे स्तंभांचे बंधनही बरेचसे सुटले.