तालमीचा खुराक

नासिक जिल्ह्यांत वणीजवळ सप्तशृंगीचा गड आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळीं अली व गुलाब हे हैदराबादेकडील दोन मल्ल पुण्यास येऊन आव्हान देते झाले. तें बाळंभटदादा देवधरांनीं स्वीकारलें आणि तयारीसाठीं ते या गडावर जाऊन राहिले, असें परंपरा सांगते. मल्लखांबविद्येचा पुनर्जन्म येथेंच झाला, असेंही ती म्हणते. कथेचा सारा भर देवीच्या दृष्टांतावर आणि वानराच्या उड्यांवर आहे. खुराकाचा प्रश्न तिला पडत नाहीं.

तालमींत मात्र मेहनतीइतकाच मान खुराकाला असे. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा खर्च सामान्य कुटुंबास झेपणारा नव्हता; म्हणून मल्ल राजाश्रय शोधीत. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं तो सढळ हातानें दिला आणि १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें केलें.

खुराकानें शक्ति येते, एवढेंच घरोघरीं मानलें जाई. परंतु शक्ति या एका शब्दांत दोन निराळ्या गोष्टी दडल्या आहेत: श्रमांत खर्च होणारें इंधन आणि झिजलेला स्नायु पुन्हां बांधणारें द्रव्य. हा घोटाळा युरोपांतही होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचें मत असें कीं, श्रमांत स्नायूंतील प्रथिनच खर्ची पडतें. १८६५ सालीं फिक व विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडांतील फाउलहॉर्न शिखर चढले. चढण १९५६ मीटरांची. आधींचे सतरा तास त्यांनीं प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केलें होतें. खाल्ले ते चरबींत तळलेले पिष्टाचे वडे. मूत्रांतील नत्र मोजून त्यांनीं दाखविलें कीं, शरीरांत जळलेलें प्रथिन त्या चढणीस पुरणारें नव्हतेंच.

या कसोटीवर तालमीचा खुराक पाहावा. तुपांत प्रथिन नसल्यासारखेंच. शेंकडों जोर-बैठकांचें तें इंधन होय. बदामांत प्रथिन आहे, पण निम्मा भाग तेलाचा. बांधणीचें काम मुख्यतः दुधाचें. आज डब्यांतून विकली जाणारी भुकटीही बहुधा दुधाचीच असते. चीज करतांना उरणाऱ्या निवळींतून ती काढतात. दुधांतील प्रथिनांचा सुमारें पांचवा हिस्सा त्या निवळींत उतरतो. नवी आहे ती किंमत.

उतारवयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. तेवढ्याच प्रथिनाला वृद्धाचा स्नायु तरुणाइतका प्रतिसाद देत नाहीं. म्हणून २०१३ सालीं तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें पासष्टीपुढील माणसांस दर किलो वजनामागें रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिन सुचविलें. साठ किलो वजनाच्या आजोबांस हें ६० ते ७२ ग्रॅम होतें. पाव लिटर दुधांत सुमारें ८ ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम हरभऱ्यांत सुमारें १० ग्रॅम मिळतें, हें ध्यानीं घेतां केवळ वरणभातावर भागविणाऱ्या घरांत तूट पडणें सहज आहे. मूत्रपिंड बिघडलेलें असल्यास मात्र हा हिशेब वैद्याकडूनच करून घ्यावा लागतो.

बोस्टन येथील एका वृद्धाश्रमांत शंभर दुर्बळ वृद्धांवर दहा आठवडे प्रयोग झाला. १९९४ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्यांचें सरासरी वय ८७ वर्षें. वजनें लावून पायांचा व्यायाम करणारांचें बळ दुपटीहून अधिक वाढलें. ज्यांस व्यायामावांचून केवळ पौष्टिक पेय दिलें, त्यांच्या दुर्बलतेंत कांहींच फरक पडला नाहीं.