खानदेशातील धाब्याची घरे

इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड भागातील मधाळ रंगाची दगडी घरे पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक जातात. बायबरी गावातील ‘आर्लिंग्टन रो’ ही घरांची रांग सुमारे १३८० मध्ये लोकरीचे कोठार म्हणून उभी राहिली. सतराव्या शतकात तेथे विणकरांची बिऱ्हाडे आली. आज नॅशनल ट्रस्ट ही संस्था तिची निगा राखते. चाळीसगाव परिसरातील धाब्याच्या घरांना मात्र असा वाली लाभलेला नाही.

तेथे मऊ चुनखडक, तर येथे सातमाळा-अजिंठा डोंगररांगांतील काळा कठीण बेसाल्ट. तो घडविणे कष्टाचे व खर्चाचे. त्यामुळे घडीव चिरे जोते, कोपरे व दर्शनी भागापुरते वापरले जात. वरची भिंत ओबडधोबड दगडांची किंवा मातीची असे.

या घराचे खरे मर्म छपरात आहे. छपराचा भार भिंतींऐवजी लाकडी खांब व तुळया पेलतात. म्हणून एखादी भिंत ढासळली तरी धाबे उभे राहू शकते. घराचे मोजमापही खणांतच सांगितले जाते. तुळयांवर कडीपाट किंवा काटक्या-पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. शेतातील काळी माती येथे निरुपयोगी, कारण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. खारी माती ओली झाली की तिचे बारीक कण छिद्रे बुजवतात व पाणी खाली झिरपू देत नाहीत. उजेडासाठी छपरात साने असते. चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात माती तापण्यास वेळ घेते. रात्री तेच धाबे अंथरुणासाठी आणि दिवसा पापड-कुरडया वाळविण्यासाठी उपयोगी पडते.

मृगापूर्वी खारी टाकण्याची प्रथा मोडली, तेथे ही घरे खचू लागली. वर सिमेंटचा थर दिल्यास तो तडकतो, आत शिरलेली ओल अडकून राहते आणि सागवानी तुळयाही कुजतात. दुरुस्ती म्हणून केलेला हा उपाय घराच्या मुळावर येतो! ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगावला वेढले. अशा वेळी मातीच्या भिंतीला आधार असतो तो दगडी जोत्याच्या उंचीचा. घर पाडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी तुळयांची टोके, पन्हाळी आणि हे जोते जाणत्या गवंड्याकडून तपासून घ्यावे.