दोष कानाचा
मेनिएरच्या विकाराची भोवळ आली की मी भिंत धरून बसतो. खोली फिरत राहते, पोट ढवळते. १८६१पूर्वीच्या पॅरिसमध्ये असतो, तर मेंदूत रक्त साचले म्हणून माझे रक्त काढले असते. ओकून गळालेल्या माणसाचे! त्या वर्षी ८ जानेवारीला मूकबधिरांच्या संस्थेतले वैद्य प्रॉस्पेर मेनिएर यांनी वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचला: भोवळीसोबत कान वाजतो, ऐकू कमी येते, तेव्हा बिघाड आतल्या कानात. कबुतरांच्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका कापल्या की त्यांचा तोल जातो, हे फ्लुराँस यांनी आधीच दाखवले होते. तरी निबंधाचे स्वागत थंडच झाले. पुढच्या वर्षी मेनिएर वारले. १९३८मध्ये मृत रुग्णांच्या आतल्या कानातील द्रवाची पोकळी फुगलेली आढळली. ती का फुगते, याचे पक्के उत्तर अजून नाही. तोवर मला मीठ कमी करायला सांगितले आहे.